टिंबासकट

आमच्या फाइलीत बारा ओळी होत्या.
बारा अवजारं, आणि प्रत्येकापुढे आकडा,
पुरा, दोन टिंबांनी तोडलेला.
निवृत्त होण्याआधी रोमुआल्दासनं लिहून ठेवलेला,
काळ्या दगडावरची रेघ.

उग्ने म्हणाली, सात वर्षांचं शिळं आहे हे.
नुसतं 'ताजं' लिहू या ना,
जे निघेल ते येत राहील आपोआप.
मी मान डोलावली. शुक्रवार होता,
क्लायपेदाच्या बंदरावर चारलाच अंधार पडलेला
आणि मला घरी जायचं होतं.
हे कारण नाही. पण हे होतं.

तिच्या मशीनवर चाललं.
माझ्याही.
खाली फेरीच्या कचेरीत, गंजक्या हीटरशेजारच्या खोक्यानं
रविवारी रात्री स्वतःच नवं काही ओढून घेतलं,
कुणाला न विचारता, हूं की चूं न करता.
किंचाळलं असतं तर बरं होतं.

सोमवारी पहाटे पावणेपाचला
वीतेनिसनं कार्ड टेकवलं. लाल दिवा.
बाहीला पुसून पुन्हा टेकवलं. लाल.
एकोणतीस वर्षं या फेरीचं इंजिन पाहणारा माणूस,
आणि पडद्यावर: या नावाचा कर्मचारी नाही.
उणे अकरात तो धक्क्यावर उभा राहिला.
खाडीपलीकडच्या वाळूच्या पट्टीवर
रात्रपाळी उरकलेल्या दोन नर्सा
न सुटलेल्या फेरीचे दिवे बघत होत्या.

नाव होतं हो. यादीत होतं.
मी या डोळ्यांनी पाहिलं.
आमच्या भाषेत ती दीर्घ ई
ऱ्हस्वाला खेटून बसते, एका बाकावर:
विर्गिस, मग वीतेनिस, मग व्लादास.
जुन्या आवृत्तीला हे ठाऊक होतं.
नवीला कुणीतरी, कुठेतरी, चांगल्याच हेतूनं
दुसऱ्यांची वर्णमाला पढवली होती.
तिच्यात ते अक्षर शेवटून दुसरं.
यादी लावलेली जुन्या क्रमानं,
शोधणारा चालतोय नव्या.
तो व्लादासपाशी आला,
म्हणाला, अजून पुढे असणार,
आणि पुढेच जात राहिला.
एक माणूस मागे राहिला, हात वर करून.

रोमुआल्दासला उठवायची भीती वाटली,
पण तो अंगणातला बर्फ काढत होता.
रागावला नाही. 'आता कोणती आहे?' एवढंच.
'अकरा,' मी म्हणाले.
'अकरा काय?'
'अकरा पॉइंट… दोन. बहुतेक.'
फावडं फरशीवर घासल्याचा आवाज आला.
'बहुतेक,' तो म्हणाला.
'सगळं सांग. टिंबासकट.'

जुना आकडा परत बसवला.
सव्वासहाला दिवा हिरवा.
वीतेनिस काही बोलला नाही.
नाकाचा शेंडा पांढरा पडलेला, तसाच
जिना उतरून इंजिनघरात गेला.

आता, जुन्याचा मला लळा नाही.
भोकं असतात त्यात, आणि भोकांना वास घेत फिरणारे असतात.
मार्चमध्ये आम्ही नवी घेतलीच:
दिवसाउजेडी, मंगळवारी,
सगळी यादी नव्यानं लावून,
चारही मशीनं एकाच आकड्याला खुंटवून.
मी तो आकडा मोठ्यानं वाचला, उग्नेनं टाइप केला,
मग तिनं वाचला आणि मी तपासला,
जणू कुणाच्या रक्तगटाची चिठ्ठी.
हसू आलं मधेच. तरी पुरा वाचला.

त्या ओळीशेजारी तिनं शेरा लिहिलाय:
'हे बदलण्याआधी वीतेनिसला शोधून बघा.'

तो पुढच्या जूनमध्ये निवृत्त होतोय.
मग त्याचं नाव यादीतून काढायचं
की चाचणीसाठी ठेवायचं,
यावर आमचं अजून भांडण चालू आहे.